सृष्टीचा गॅलाटिन

परकराची जुनी झालर सृष्टीच्या गळ्याशी टाचता टाचता उज्वलाने तोंडातली पिन काढून हातात घेतली.

"परत सांग. त्याला सगळे का हसतात?"

"अगं मम्मी, तो बाहेरचा असतो ना! स्वित्झर्लंडहून अमेरिकेत आलेला. त्याचं बोलणं वेगळं असतं. निवडून आलेला असतो, तरी सभागृहातले म्हणतात, तू अजून इथला पुरेसा जुना नाहीस, खुर्ची सोड. आणि नंतर तोच त्यांचा अर्थमंत्री होतो. गॅलाटिन. पण कुणाला माहीतच नाही."

"आणि नाटकात हा तुलाच का दिला?"

सृष्टीने खांदे उडवले. झालर सुटली.

धाकटा रुद्र पिनांच्या डबीकडे रांगत निघाला होता. त्याला उचलून कडेवर घेताना उज्वलाच्या डोक्यात तेच घोळत राहिलं. वर्गात एवढी पोरं. बाहेरचा माणूस म्हणून चैताली टीचरना नेमकी आपलीच सापडावी? सटाण्याकडून नाशिकला आल्यावर पहिल्याच पालकसभेत ती 'माझी मुलगी'ऐवजी अहिराणीत 'मनी पोर' असं बोलून गेली होती. मागच्या बाकावर हशा पिकला. टीचर हसल्या नव्हत्या, त्यांनी फक्त मान खाली घातली होती. पण खाली घातलेल्या मानेत काय असतं, कोण सांगणार? तेव्हापासून शाळेच्या फाटकात शिरली की उज्वला शब्द निवडून घ्यायची, तांदळातले खडे काढावेत तसे.

"तू पण ना!" डबा पिशवीत कोंबत तिचा नवरा राकेश म्हणाला. "पोरीला मेन रोल मिळालाय, पेढे वाट."

"मेन रोल नाही तो. हसं करायचा रोल आहे."

"मग जाऊन भांड टीचरशी."

तो थट्टेत म्हणाला, पण दुपारी ती रुद्रला घेऊन खरंच निघाली. भूमिका बदलून मागायची, हे रिक्षात बसायच्या आधीच पक्कं होतं. वाक्यंही जुळवून ठेवली होती, स्वच्छ, शाळेतली.

हॉलमध्ये तालीम चालू होती. चैताली टीचरनी तिला खुणेनेच बसायला सांगितलं.

स्टेजवर सृष्टी उभी होती. खांदे आत ओढलेले, हनुवटी छातीशी. बोटाला झालरीचं टोक गुंडाळत होती, सोडत होती, पुन्हा गुंडाळत होती. प्रत्येक शब्दाआधी थांबायची, जणू तो उचलू की नको.

"मी... इथलाच... शे. आहे."

सभागृहातली पोरं खो खो हसली. त्यांना हसायचंच होतं.

उज्वलाने खाली पाहिलं. तिच्या ओढणीचं टोक तिच्याच बोटाला घट्ट गुंडाळलेलं होतं. बोट पांढरं पडलं होतं. तिने ते हळूहळू सोडवलं.

टीचर शेजारी येऊन बसल्या.

"बघा ना. मी एवढंच म्हटलं होतं, लांबून आलेला माणूस कसा बोलेल ते ज्याने त्याने करून दाखवा. बाकीच्यांनी नुसती तोंडं वेडीवाकडी केली. हिने हे असं उभं राहून दाखवलं. कुठून आणलंस म्हटलं, तर सांगायलाच तयार नाही. घरी कुणी शिकवलं का हो?"

उज्वलाने त्यांचा चेहरा नीट न्याहाळला. खरंच विचारत होत्या, की माहीत असून विचारत होत्या? काही कळेना.

"तुम्हाला काही बोलायचं होतं ना?" टीचर म्हणाल्या.

स्टेजवर अध्यक्ष झालेला पोरगा टेबलावर हात आपटून ओरडला, "खुर्ची सोडा!" सृष्टी मान तशीच खाली ठेवून एक पाऊल मागे सरकली.

रुद्रला कडेवर सावरत उज्वला उभी राहिली.

"मान वर कर, माय. मोठा आवाजमा बोल."

आवाज हॉलभर घुमला. पोरं तिच्याकडे बघू लागली. सृष्टीने चमकून आधी टीचरकडे पाहिलं, मग आईकडे.

"मम्मी," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आठे... इथे?"

"आठेच," उज्वला म्हणाली.