मी पाणी प्यायलो आणि हिलालआबा चोर ठरले

मित्रांनो, हरभऱ्याएवढा असलो तरी मी म्हाताराच. इथिओपियातल्या डोंगराच्या पोटात किती वर्षं काढली, माझं मलाच ठाऊक नाही. मी ओपल. माणिक लाल असतो, पाचू हिरवा. माझ्या अंगात मात्र लाल, हिरवा, निळा सगळेच रंग हलतात. जयपूरला घासून गुळगुळीत झालो आणि जळगावच्या सराफ बाजारात प्रेमराजशेठच्या पेढीवर आलो.

तिथे हिलालआबांनी मला सोन्याच्या पदकात बसवलं. आबा मूळचे सोनगीरचे. चाळीस वर्षं खडे बसवण्यात गेलेली. "शेठ, हाऊ खडा भलता नाजूक शे," म्हणत त्यांनी श्वास रोखून खडा धरून ठेवणारी सोन्याची एकेक नखी माझ्यावर वळवली.

फैजपूरच्या कामिनीताईंनी मला विकत घेतलं. लग्नकार्यातच मी त्यांच्या गळ्यात, एरवी मखमली डबीत. बायका वाकून वाकून मला बघत, आणि खरं सांगतो, मी फुलून जाई.

गेल्या वर्षी त्यांच्या मुलीचं, मेघाचं लग्न ठरलं. मला तिच्या गळ्यात घालायचं होतं. एक नखी सैल झाली होती, ती आबांनी तासाभरात आवळून दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी बांगड्यांबरोबर मलाही रिठ्याच्या पाण्यात टाकलं आणि त्या पत्रिका वाटायला निघून गेल्या.

माझ्या जातीचा ओपल पाणी पितो, हे तोवर मलाही ठाऊक नव्हतं! पाणी आत शिरत गेलं, रंग एकेक करून विझत गेले. संध्याकाळी ताईंनी मला उचललं तेव्हा मी नुसती काच. त्यांनी मला दिव्याखाली धरून उलटसुलट पाहिलं.

"मेघा, हा आपला खडा नाही! त्या म्हाताऱ्याने बदलला!"

दुसऱ्या दिवशी भरल्या पेढीत त्या हेच ओरडून बोलल्या. आबांनी भिंगातून मला पाहिलं, नख्या एकेक करून तपासल्या.

"अक्का, खडा तोच शे. रंग कसा गया, माले समजत नही."

गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघू लागली. शेठ हळूच म्हणाले, "आबा, उद्यापासून येऊ नका."

मी तोच आहे, असं मला ओरडून सांगायचं होतं. कोण ऐकणार? आबा उठले ते चपला घालायचं विसरून, अनवाणीच पायऱ्या उतरले.

ताईंनी मला कपाटात भिरकावलं. नऊ दिवसांनी मेघाने कपाट उघडलं आणि ती किंचाळली, "आई, रंग! रंग परत आले!"

दोघी मला जळगावात खडे तपासणाऱ्या हेमांगीताईंकडे घेऊन गेल्या. त्या म्हणाल्या, "खडा अस्सल आहे. हा ओपल भिजला की रंग जातात, वाळला की येतात. पाण्यात घातला होता का?"

"दिवसभर," कामिनीताई पुटपुटल्या.

त्याच दुपारी त्यांनी सोनगीर गाठलं. काम सुटल्यापासून आबा गावीच होते, घराच्या ओट्यावर बसलेले. ताई रडत माफी मागू लागल्या. आबांनी सगळं ऐकून घेतलं.

"अक्का, माले नका सांगू. जठे बोलनात, तठे सांगा."

ताईंनी तेही केलं. गर्दीच्या दिवशी पेढीत उभ्या राहून म्हणाल्या, "हिलालआबांनी काही बदललं नव्हतं. खोटा आळ मी घेतला." शेठनी खाली मान घातली आणि आबांना आणायला तिथल्या तिथे गाडी पाठवली. गाडी रिकामीच परत आली.

आता मी मेघाकडे आहे. माझे रंग पूर्वीसारखेच हलतात.

मित्रांनो, ओपलला पाण्यात, साबणात बुडवू नका, शेगडीजवळ नेऊ नका. मऊ, कोरड्या फडक्याने अलगद पुसा. चुकून भिजलाच, तर थोडे दिवस थांबा, बहुतेक सावरेल. आणि कुणाला चोर म्हणण्याआधीही थोडे दिवस थांबा. माणूस असा वाळवून पूर्ववत होत नाही.