साडेनऊपासून उघडी असलेली फाईल

मी एक जुना फाईल सर्व्हर आहे. मित्रांनो, नावाला घाबरू नका, काम साधं आहे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कचेरीच्या सगळ्या फायली मी सांभाळतो. नियम एकच. एक जण फाईलमध्ये लिहीत असला की मी तिला कुलूप लावतो आणि त्याचं आटोपेपर्यंत बाकीच्यांना थांबवतो. नाही तर एकाच्या लिहिण्यावर दुसरा बोळा फिरवेल.

मी खोक्यातून निघालो तेव्हा साहेबांनी स्वतः बटण दाबलं होतं. मला वेगळी खोली होती, गार हवा होती. पुढे त्या खोलीत झाडू आले, मोडकी खुर्ची आली आणि गार हवा साहेबांच्या केबिनमध्ये गेली. त्याचंही मी मनाला लावून घेतलं नाही.

मग तक्रारींची फाईल अडायला लागली. कुठली लिफ्ट बंद आहे आणि तिथे कोण गेलंय, हे सगळं तिच्यात असतं. फोनवर माणूस ओरडतोय आणि तक्रारवाल्या ताईंच्या पडद्यावर नुसतं चक्र फिरतंय. शेवटी त्या चिठ्ठ्यांवर लिहू लागल्या. एकदा दोन मेकॅनिककाका एकाच इमारतीत भेटले, आणि दुसऱ्या इमारतीतल्या आजी सहा मजले चढून गेल्या.

दोष अर्थातच माझा. "म्हातारा संथ झालाय," असं ठरलं. माझी मेमरी वाढवली, डिस्क बदलली, तारा बदलल्या. एका काकांनी टेबलफॅन आणून माझ्या तोंडासमोर लावला. दिवसातून चारदा मला बंद करून चालू करायचे. त्यानंतर दहा मिनिटं सगळं सुरळीत चालायचं. ते का, हे कोणाला विचारावंसं वाटलं नाही. नवं मशीन मागवलं गेलं. शुक्रवारी मी भंगारात जाणार होतो.

फायली हलवायला सिस्टिमवाल्या बाई आल्या. हात लावण्याआधी त्यांनी माझे आकडे पाहिले. डोकं रिकामं, डिस्क निवांत, तारा मोकळ्या, आणि तक्रारींच्या फाईलपुढे अकरा जण खोळंबलेले.

"हा संथ कुठंय?" बाई तक्रारवाल्या ताईंना म्हणाल्या. "हा बिचारा वाट बघत बसलाय."

सात वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी माझी नाडी पाहिली होती. कुलूप कोणाच्या नावावर आहे, हे बाईंनी विचारलं आणि मी लगेच सांगितलं. साहेबांची केबिन, सकाळी साडेनऊपासून.

दोघी केबिनमध्ये गेल्या.

"मुद्दामच उघडी ठेवतो," साहेब म्हणाले. "मध्येच बंद पडली तर पुन्हा उघडतो. नाही तर हे लोक त्यात काहीही लिहून ठेवतात."

"लिहायलाच आहे ना ती, साहेब," ताई म्हणाल्या.

साहेबांनी फाईल बंद केली. ताई पेनाला टोपण लावेपर्यंत अकराच्या अकरा नोंदी आत गेल्या होत्या.

तरी नवं मशीन आलंच, कारण मंजुरीवर सही झाली होती. बाईंनी भांडून मला फायलींच्या जादा प्रती सांभाळायला ठेवून घेतलं, म्हणून भंगार टळलं. मित्रांनो, एवढंच मागणं आहे. काम झालं की फाईल बंद करत जा, आणि यंत्राला नावं ठेवण्याआधी ते कोणासाठी थांबलंय ते बघा.

सोमवारी साहेब साडेनऊला आले. पावणेदहाला ताईंनी चिठ्ठ्यांचा गठ्ठा पुढे ओढला. दहा वाजता काका आले, माझ्यासमोरचा टेबलफॅन उचलला आणि नव्याच्या तोंडासमोर लावला.