पालथा सम्राट

मित्रांनो, मी पत्र्याची बादली आहे. आता म्हातारी झाले आहे, एका अंगाला पोचे आले आहेत, आणि मला दोन डोळे आहेत. बादलीला डोळे नसतात हे मला ठाऊक आहे. म्हणून ते कसे आले, तेच आधी सांगते.

माझा जन्म एका साध्या कारखान्यात झाला. तिथे पत्रा कापत, गोल वळवत, त्याला बूड बसवत आणि शेवटी कडी अडकवत. आम्ही बहिणी एकीत एक अशा रचून दुकानात आलो. एकीत एक बसल्यावर बाहेरचे काही दिसत नाही, त्यामुळे विचार करायला भरपूर वेळ मिळतो. आमचा सगळ्यांचा विचार एकच होता, आणि तो म्हणजे पाणी. पाणी कसे असते, गार असते का, भरताना गुदगुल्या होतात का, याच्या पलीकडे आमची बुद्धी जात नव्हती.

मला एका टीव्हीच्या स्टुडिओत फरशी पुसणाऱ्या बाईंनी विकत घेतले. आता आपल्याला पाणी भेटणार, म्हणून मी कडीसकट खूश होते. पण नळापर्यंत आम्ही पोहोचलोच नाही.

त्या सकाळी स्टुडिओत ‘परतीचे यान’ नावाच्या मालिकेचे शूटिंग होते. या भागात अंतराळातला एक दुष्ट सम्राट यायचा होता. त्याचे शिरस्त्राण बाहेरून करून मागवले होते. माप इंचांत सांगितले होते, बनवणाऱ्याने ते सेंटिमीटरमध्ये धरले. खोके उघडले तर आत मोसंब्याएवढे शिरस्त्राण निघाले. काम अतिशय सुबक होते. दिग्दर्शकांनी ते तळहातावर घेतले आणि मग मुठीवर घालून पाहिले.

सामान सांभाळणाऱ्या माणसाची नजर माझ्याकडे गेली.

“हिला पालथी करू,” तो म्हणाला.

“ती बादली आहे,” दिग्दर्शक म्हणाले.

“पालथी केल्यावर राहत नाही.”

मला दोन भोके पाडली. भोकांच्या कडेला एकेक लाल दिवा लावला, अंगाला चंदेरी रंग दिला आणि एका उंच, हडकुळ्या नटाच्या डोक्यावर घातले. माझी कडी त्याच्या हनुवटीखाली अडकवली. अशा रीतीने मी सम्राट झाले. बादल्यांमध्ये ही बढती क्वचितच मिळते. फरशी पुसणाऱ्या बाईंनी दुसरी बादली आणली, पण सेटवरून जाताना त्या नेहमी विचारायच्या, “झाली का मोकळी माझी बादली?” मी कधीच मोकळी झाले नाही.

त्या नटाला सगळे ‘आतला माणूस’ म्हणत. सम्राटाचा आवाज दुसऱ्या कुणाचा तरी असे. डोके माझे, आवाज त्या दुसऱ्याचा आणि घाम आतल्या माणसाचा, अशी आमची वाटणी होती. त्याचा चेहरा प्रेक्षकांनी कधी पाहिला नाही. एकदा तो रस्त्यावर मुलांना म्हणाला, “मीच सम्राट आहे.” मुलांनी त्याला पत्ता विचारून घरी सोडले.

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांना थोडक्यात सांगते. एक यान घरापासून फार दूर भरकटते आणि परत यायचा प्रयत्न करते. ते वर्षानुवर्षे परतले नाही, कारण परतले असते तर मालिका संपली असती. मी त्यांना अडवायचे, ते निसटायचे, आणि पुढच्या आठवड्यात माझ्याच दारात यायचे. अंतराळ एवढे मोठे असून त्यांना दुसरा रस्ता सापडत नसे. त्या काळात घरोघरी मुले बादल्या डोक्यावर घालून फिरत आणि आयांना आंघोळीचे पाणी पातेल्यात काढावे लागे. आमची किती कीर्ती होती, ते यावरून कळेल.

मग मालिका बंद झाली. सेट मोडले. यानाचा दरवाजा कुणीतरी गॅरेजला लावायला नेला. आतल्या माणसाने मला घरी आणले आणि बाहेरच्या खोलीत, टीव्हीशेजारच्या कपाटावर, मऊ फडक्यावर पालथे ठेवले. तिथे मी खूप वर्षे होते. दिवे विझले, रंगाचे पापुद्रे निघाले. माझ्यावर धूळ बसायची, ती पुसली जायची, पुन्हा बसायची. पण त्या घरात मला कधी कुणी बादली म्हटले नाही. “महाराजांवरची धूळ पूस,” असे आतला माणूस त्याच्या मुलाला सांगे. सन्मान मोठाच होता. पण मित्रांनो, खरे सांगायचे तर मी अजून कोरडी होते.

आता पाहुणीची गोष्ट सांगते.

आतल्या माणसाचा मुलगा चष्म्यांच्या दुकानात काम करतो. त्याचे वय वाढत गेले, लग्न काही ठरेना. शेवटी एक बाई चष्मा दुरुस्त करायला आली. काडी एकदाच मोडली होती, पण दुरुस्ती महिनाभर चालली, आणि दोघांचे जमले. त्या बाईला एक मुलगी होती. मुलीचे बाबा वारले होते. मुलीच्या आईने या घरात येऊन स्पष्ट सांगितले, “ती हो म्हणेपर्यंत आपण कुणीच हो म्हणायचं नाही. तिला विचारायचंही नाही. तिचं तिने म्हणायला पाहिजे.”

म्हणून दर रविवारी दोघी येऊ लागल्या. मुलगी सोफ्यावर बसायची, पण पाठीवरचे दप्तर काढायची नाही. रविवारी दप्तर कशाला, हे कुणी विचारले नाही. ती दप्तरामुळे पुढे सरकून, अगदी सोफ्याच्या काठावर बसायची, पुढच्या थांब्यावर उतरायचे असल्यासारखी. मी मनात तिचे नाव पाहुणी ठेवले.

“दप्तर काढ की,” चष्मेवाले काका, म्हणजे आतल्या माणसाचा मुलगा, म्हणायचे.

“नको. आम्हाला जायचंय,” पाहुणी म्हणायची. त्या दोघी नुकत्याच आलेल्या असायच्या.

काकांना लोकांशी बोलणे जमत नाही. त्यांना ‘परतीचे यान’ जमते. लहानपणापासूनचे सगळे भाग त्यांनी व्हिडिओ कॅसेटवर जपून ठेवले आहेत. पाहुणीला ही मालिका आवडली की बाकीचे आपोआप होईल, असा त्यांचा हिशेब होता. कुठून सुरू करायचे, एवढाच प्रश्न होता, आणि त्यावर बापलेकांचे स्वयंपाकघरात भांडण झाले.

“पहिल्यापासून दाखवायचं. मध्येच उडी मारली तर तिला काय कळणार?” काका म्हणाले.

“पहिल्या भागात पाण्याची टाकी तपासतात,” आतला माणूस म्हणाला. “अख्खा भाग टाकी तपासतात. शेवटी टाकी ठीक निघते.”

“त्या टाकीचा संदर्भ नंतर येतो, बाबा.”

“कधी?”

“अकराव्या वर्षी.”

“तोवर ती पोरगी कॉलेजात गेलेली असेल.”

तरीही पहिल्या रविवारी पहिला भाग लागला. काका टीव्हीजवळ स्वयंपाकघरातले स्टूल ओढून बसले, कारण मशीन जुने आहे आणि मध्येच त्याला थोपटावे लागते. टाकी ठीक निघाली. पाहुणी म्हणाली, “बरं.” दुसऱ्या रविवारी आतल्या माणसाच्या आग्रहाखातर मोठ्या लढाईचा भाग लावला. त्यात काका दर दोन वाक्यांनी मशीन थांबवून हा कोण, त्याचे त्याच्याशी वैर का, हे समजावत होते. लढाई संपायला अंधार पडला. तेव्हा पाहुणीने पहिल्यांदाच एक प्रश्न विचारला.

“मागच्या वेळी कॅप्टन वेगळे होते ना? ते कुठे गेले?”

काकांनी चष्मा काढला आणि पुसला. “त्यांचं काय झालं ना,” ते म्हणाले, “म्हणजे, करार... पुढे येतं ते. आपण ओळीने पाहिलं तर येईल.”

“बरं,” पाहुणी म्हणाली, आणि दोघी गेल्या. दार लावून काका म्हणाले, “बाबा, तिला नाही आवडत हे घर.” आतल्या माणसाने उत्तर दिले नाही. सवय नव्हती. त्याची उत्तरे नेहमी दुसरे कुणी देत आले होते.

तिसऱ्या रविवारी मशीन सुरूही झाले नव्हते, तेवढ्यात स्वयंपाकघरातून फस्स असा आवाज आला. बेसिनखालचा पाइप निसटला होता. पाणी ओट्याखालून निघाले आणि शांतपणे बाहेरच्या खोलीत आले, जणू त्यालाही रविवारी बोलावले होते. काका मुख्य कॉक बंद करायला धावले. कॉक गंजला होता. पाहुणीच्या आईने हाताला लागेल ते फडके पाइपला गुंडाळले.

“आजोबा, बादली कुठे आहे?” पाहुणीने विचारले.

“बाथरूममध्ये. तिच्यात माझे कपडे भिजवलेत.”

“दुसरी?”

“दुसरी नाही घरात,” आतला माणूस म्हणाला.

“एकच आहे आमच्याकडे,” काका कॉकशी झटत म्हणाले.

मित्रांनो, ते खोटे बोलत नव्हते. दोघांनीही खोलीभर नजर फिरवली, माझ्यावरूनही फिरवली, आणि त्यांना खरोखरच दुसरी बादली दिसली नाही.

“वर आहे की,” पाहुणी म्हणाली.

दोघांनी मान वर करून माझ्याकडे पाहिले.

पाहुणीने काकांचे स्टूल कपाटाला लावले. वर चढून पाहिले, तर दप्तराच्या ओझ्याने तोल जात होता. ती खाली उतरली, दप्तर काढून सोफ्यावर ठेवले आणि पुन्हा चढली. मला दोन्ही हातांनी उचलले, आणि इतक्या वर्षांनी मी सुलटी झाले. छत इतके उंच असते हे मला माहीत नव्हते.

तिने मला पाइपखाली ठेवले.

पाणी गार असते. भरताना गुदगुल्या होत नाहीत, निदान मला तरी झाल्या नाहीत. आधी बुडावर थोडे वाजते, मग आवाज बुजत जातो आणि आपण हळूहळू जड होतो. कारखान्यातल्या माझ्या बहिणींना हे कधीच कळले असेल. मला ते त्या दिवशी कळले, आणि उशीर झाला असे मला मुळीच वाटले नाही.

पाणी चढत चढत भोकांपर्यंत आले. मग माझ्या दोन्ही डोळ्यांतून दोन बारीक धारा लागल्या.

काकांच्या हातून कॉक एकदाचा फिरला. पाइपचे पाणी थांबले. माझे मात्र थोडा वेळ वाहत राहिले. सगळे उभे राहून पाहत होते. आतला माणूस ओल्या फरशीवर तसाच बसला.

“आजोबा, बादली खराब झाली का?” पाहुणीने विचारले.

“नाही गं,” तो म्हणाला. “सम्राट रडला शेवटी. मी किती प्रयत्न केला होता.”

“कधी?”

काका काहीतरी बोलणार होते. म्हाताऱ्याने हात वर करून त्यांना थांबवले आणि स्वतः बोलू लागला.

“पहिल्या कॅप्टनचं काम करायचे ना, ते गृहस्थ वारले. मालिका चालू असताना. मग कॅप्टन यानातल्या छोट्या होडीतून निघून जातो असं दाखवायचं ठरलं. सम्राट त्याचा शत्रू, पण तो निरोपाला येतो, नुसता उभा राहतो. कागदावर लिहिलं होतं, सम्राटाच्या डोळ्यांत पाणी येतं. पण पाणी सोडलं तर दिवे जळाले असते. मग नुसताच उभा राहिलो. आतमध्ये मी रडत होतो. बाहेर दोन दिवे पेटलेले. कुणाला काय कळणार?”

मला ते आठवत होते. पण मी तेव्हा पालथी होते. ते अश्रू त्याच्या कॉलरवर पडले, मला एक थेंबही मिळाला नाही.

“तो भाग आहे का?” पाहुणीने विचारले.

“तो खूप पुढचा आहे, आधीचं पाहिल्याशिवाय...” काका म्हणाले आणि थांबले. “आहे. लावतो.”

फरशी पुसून झाल्यावर तो भाग लागला. या वेळी काकांनी मशीन एकदाही थांबवले नाही. पडद्यावर होडी लहान होत गेली. मी उभी होते, दोन लाल दिवे लावून.

“परत येतात का ते?” पाहुणीने पडद्यावरची नजर न काढता विचारले.

“नाही,” आतला माणूस म्हणाला. “नाही येत.”

तिच्या आईने तिच्या पाठीवर हात ठेवला. पाठीवर आता दप्तर नव्हते.

मग यानात नवा कॅप्टन आला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. मोठी खुर्ची रिकामी होती. तो तिच्यापाशी गेला, पण बसला नाही. त्याने कोपऱ्यातले एक स्टूल ओढले, खुर्चीच्या शेजारी मांडले आणि त्याच्यावर बसून म्हणाला, “यान कुठवर आलं आहे?”

पाहुणीने हे पाहिले. मग टीव्हीजवळ स्टुलावर बसलेल्या चष्मेवाल्या काकांकडे पाहिले. त्यांचे पायमोजे भिजले होते आणि एक हात मशीनवर होता, थोपटायची वेळ आली तर असावा म्हणून. तिने सोफ्यावरचे दप्तर उचलून खाली ठेवले आणि थोडी सरकली.

“काका, इथे बसा,” ती म्हणाली. “तिथून तिरकं दिसत असेल.”

ते येऊन बसले. सोफा तिघांना अपुरा होता. त्याबद्दल कुणी तक्रार केली नाही.

पाहुणीला आता मी पाहुणी म्हणत नाही. ती इथेच राहते. तिने पहिल्या भागापासून ओळीने पाहायला घेतले आहे, आणि टाकीचा भाग तिच्या मते चांगला आहे. मी कपाटावर नसते. दाराशी सुलटी उभी असते, माझ्यात तिची छत्री आणि दोन रॅकेटा असतात. घरातले लोक मला बादली म्हणतात. आतला माणूस अजून चुकून महाराज म्हणतो, मग स्वतःच हसतो.

मित्रांनो, तुम्हाला एखादी गोष्ट फार आवडत असेल आणि ती नव्या माणसाला दाखवायची असेल, तर जरूर दाखवा. पण तो माणूस आपले दप्तर पाठीवर घेऊन आलेला असतो. ते काढा असे सांगू नका. ते काढायचे कारण त्याला सापडेपर्यंत शेजारी जागा मोकळी ठेवा. आणि तुमच्या घरात एखादी वस्तू मान म्हणून उंचावर पालथी ठेवली असेल, तर तिला एकदा खाली घ्या, सुलटी करा आणि तिच्यात थोडे पाणी ओता. तिला भोके असली तर फरशी पुसावी लागेल. तेवढी पुसा.