कोपऱ्यातल्या दोन जागा

आईने आधी वॉशिंग मशीनचा प्लग काढला, मग फ्रिजचा, आणि मग कमरेवर हात ठेवून घरात आणखी काय काय चालू आहे ते ती शोधू लागली.

“अगं आई, फ्रिज बंद केला म्हणून फोन जोरात पळत नाही,” भिंगरी म्हणाली.

“तुला काय ठाऊक? एकाच कामाला सगळी ताकद लावायची ना? मग बाकीच्यांनी गप्प बसावं.”

फ्रिज गप्प बसला. भिंगरी मात्र दहाला पाच कमी असल्यापासून एका जागी बसली नव्हती. वय तेहेतीस, औषधांच्या दुकानात नोकरी, स्वतःचा संसार, आणि तरी लहानपणी मैदानावर पडलेलं भिंगरी हे नाव ती खोटं ठरवत नव्हती. खिडकीशी जायची, फोन बघायची, दारापर्यंत यायची, पुन्हा खिडकीशी. माहेरच्या या घरात रेंज काय ती फक्त त्या खिडकीत. तिथे आईच्या फुलझाडांच्या रांगेत एका कुंडीत नुसतं गवत होतं, आणि त्या कुंडीला टेकवून फोन उभा केला होता.

पडद्यावर लिहिलं होतं : तुमच्यापुढे ३८,४१२ जण आहेत. कृपया पान बंद करू नका.

जगातली सगळ्यात मोठी फुटबॉल स्पर्धा पहिल्यांदाच देशात येत होती. तिच्या उपांत्य सामन्याचं स्टेडियम बसने अवघ्या चार तासांवर. तिकिटं आज दहाला खुली झाली होती आणि दुपारपर्यंत संपणार, हे शेंबडं पोरही सांगू शकलं असतं. भिंगरीला दोन हवी होती. एक तिचं, एक बाबांचं.

खरं म्हणजे बाबांचंच. एकतीस वर्षं त्यांनी नगरपालिकेच्या मैदानाची निगा राखली होती. गवत कापायचं, पाणी द्यायचं, चुन्याच्या रेघा मारायच्या, रोलर फिरवायचा. खेळाडू त्यांना गवतकाका म्हणत. या एकतीस वर्षांत त्यांच्यासमोर हजारभर सामने झाले असतील, पण एकही त्यांनी खुर्चीवर बसून, पहिल्या शिट्टीपासून शेवटच्या शिट्टीपर्यंत पाहिला नव्हता. त्यांची नजर कायम खाली. कुठे माती उघडी पडली, कुठे पाणी साचलं. आता पुढच्या महिन्यात मैदानावर प्लास्टिकचं गवत येणार होतं. त्याला पाणी लागत नाही, खत लागत नाही आणि गवतकाकाही लागत नाही. बातमी कळली तेव्हा बाबा म्हणाले होते, “चला, सुटलो,” आणि तीन दिवस जेवणाच्या ताटावर काहीच बोलले नव्हते.

चौथ्या दिवशी भिंगरीने ठरवलं होतं. या माणसाला एकदा तरी मान वर करून सामना बघायला लावायचा.

आत्ता तो माणूस खिडकीशी स्टुलावर बसून छोट्या कात्रीने कुंडीतलं गवत कापत होता.

“बाबा, हळू. फोन पडेल.”

“नाही पडत.”

“लोक घरात गुलाब लावतात,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “आमच्याकडे गवत. वर त्याची दर रविवारी हजामत. आज तर रविवारही नाही.”

“हात रिकामे ठेववत नाहीत,” बाबा म्हणाले. म्हणजे त्यांचीही छाती धडधडत होती तर. भिंगरीला ते पाहून फार बरं वाटलं.

आकडा मुंगीच्या पावलांनी उतरत होता. एकतीस हजार. सव्वीस हजार. मध्येच नवऱ्याचा ऑफिसमधून फोन आला आणि पडदा क्षणभर झाकला गेला, तशी ती किंचाळलीच.

“फोन का करतोयस? मी रांगेत आहे!”

“मीही रांगेतच आहे. माझ्यापुढे नव्वद हजार. म्हटलं, सोबत द्यावी.”

“ठेव आधी!”

अकरा वाजले. बारा हजार. मग काय झालं कोण जाणे, पुढची माणसं कंटाळली की वाटेतच गळाली, आकडा धाडधाड खाली यायला लागला. नऊ हजार, चार हजार, सातशे. आई हात पुसत धावत आली. बाबांनी कात्री खाली ठेवली. तिघांची डोकी फोनवर एकमेकांना आपटली.

पडदा पांढरा झाला. मग हिरवा चौकोन आला, त्याच्याभोवती स्टेडियमची गोल गोल वळणं, आणि वर एक घड्याळ उलटं चालायला लागलं. दहा मिनिटं.

“आलं! आत आलो!” भिंगरी जागच्या जागी उडी मारून म्हणाली. आईने उगाचच तिची पाठ थोपटली.

तिने जागा शोधल्या. आणि नशीब तरी किती जोरावर असावं! अगदी मध्यरेषेसमोर, ना फार उंच ना फार खाली, शेजारशेजारच्या दोन जागा मोकळ्या होत्या. महिनाभर ती स्वप्नात ज्या खुर्च्यांवर बसत होती, त्याच.

“मधल्या! बाबा, मधल्या मिळतायत! सगळं मैदान समोर!”

बाबांनी चष्मा कपाळावरून नाकावर आणला आणि हिरव्या चौकोनाकडे वाकून बघितलं. बघतच राहिले. घड्याळात आठ मिनिटं उरली.

“या नको,” ते म्हणाले.

“काय?”

“इथल्या घे.” त्यांनी डाव्या हाताच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. गोलच्या बाजूला, अगदी खालची रांग. “या कोपऱ्यात आहेत ना मोकळ्या?”

“बाबा, तिथे कुणी बसत नाही! तिथून समोरचा गोल मुंगीएवढा दिसतो.”

“समोरचा कशाला? हा दिसतो ना.”

“पण का?”

“मला तिथून बरं दिसतं.”

भिंगरीचा आनंद झरकन उतरला. कोपरा, खालची रांग, गवताच्या अगदी जवळ. अजून काय समजायचं? तिने ज्यासाठी रजा टाकली, नखं कुरतडली, त्या सामन्यात हा माणूस चार तासांचा प्रवास करून दुसऱ्याचं गवत तपासणार होता.

“आपण सामना बघायला चाललोय, बाबा. गवत नाही.”

तिचा आवाज चढला. एवढा चढायला नको होता, पण तो आजचा नव्हताच. तो एकोणीस वर्षांपूर्वीचा होता. चौदा वर्षांची असताना ती शाळांच्या अंतिम सामन्यात खेळली होती, याच नगरपालिकेच्या मैदानावर, आणि शेवटच्या मिनिटाला तिने गोल मारला होता. सगळी शाळा मैदानात घुसली. ती सगळ्यांना ढकलून बाबांकडे धावत गेली. बाबा खाली वाकलेले. वर बघून म्हणाले होते, “गवतासकट केवढं ढेकूळ उखडलंस गं!” तेवढंच. त्यानंतर ती खेळली, पण गोल मारल्यावर कुणाकडे धावत गेली नाही.

“पाच मिनिटं,” आई हळूच म्हणाली.

भिंगरीने बाबांकडे पाहिलं. ते हट्ट करत नव्हते. नुसतं बोट कोपऱ्यावर ठेवून बसले होते. तिकीट त्यांच्यासाठीच होतं. ज्याचं ताट त्याने वाढून घ्यावं. तिने मधल्या जागा सोडल्या, आणि डोळ्यांदेखत त्या दुसऱ्या कुणी तरी उचलल्या. मग कोपऱ्यातल्या दोन घेतल्या, नावं भरली, पैसे भरायला फोनवर आलेला ओटीपी टाकला. एक छोटं चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं.

तिकिटं मिळाली.

“मिळाली!” आई ओरडली आणि थेट फ्रिजचा प्लग लावायला धावली. बाबा हसले, अगदी दाढा दिसेपर्यंत. भिंगरीही हसली, कारण तिकिटं हातात आल्यावर न हसणारा माणूस अजून जन्माला यायचाय. तिने नवऱ्याला कळवलं. त्याच्यापुढे अजून साठ हजार होते.

मग तिने विचारलंच.

“आता तरी सांगा. काय ठेवलंय त्या कोपऱ्यात?”

“आपल्याकडे रोलर कुठे असायचा?”

“झेंड्याच्या मागे. डाव्या कोपऱ्यात.”

“हां. त्याच्या दांड्यावर बसलो होतो मी. तू मधून निघालीस, दोघींना चुकवलंस, आणि तिसरी अंगावर आली तेव्हा मला वाटलं, आता पास देणार. नाही दिलास. डावा पाय रोवलास आणि उजव्याने मारलास. बॉल आधी खांबाला लागला, मग आत. मधल्या खुर्च्यांवर बसलेल्यांना तो खांबाला लागलेला दिसलाच नाही. मला दिसला. एकदा पुन्हा तिथून बघावं म्हटलं.”

खांबाचं तिने कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

“पण तुम्ही तर ढेकूळ…” ती म्हणाली.

“मग ते तर बघायलाच हवं होतं. त्याच्यावर पाय रोवला होतास तू.” बाबांनी कात्री पुन्हा उचलली. “असं ढेकूळ जागच्या जागी दाबून बसवायचं असतं. तेवढं एकच मी नाही बसवलं. तिथे दुसरं लावलं आणि ते घरी आणलं.”

त्यांनी कुंडीच्या कडेचं एक वाढलेलं पातं कापलं. आत फ्रिज घरघरू लागला.

भिंगरीने कुंडीला टेकवलेला फोन अलगद बाजूला घेतला आणि गवताच्या मुळाशी बोट घालून माती ओली आहे का ते बघितलं.

“घातलंय सकाळी,” बाबा म्हणाले.