मला मागचे पाय नाहीत

मी एक खुर्ची आहे आणि मला मागचे पाय नाहीत. ते तुटले नाहीत, चोरीला गेले नाहीत, बनवणारी विसरलीही नाही. ते मला नकोच होते. हे आधीच सांगून टाकते, कारण आजवर भेटलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाने मला पहिला प्रश्न हाच विचारला आहे.

माझा जन्म कागदावर झाला, अमरावतीच्या एका डिझाइन कॉलेजात, दीक्षाच्या वहीत. दीक्षा बाळापूरची, तिसऱ्या वर्षाला. त्या सत्राचं काम असं होतं, की आधुनिकतावाद्यांच्या पद्धतीने एक वस्तू बनवायची, जिच्यात कामाच्या गोष्टीशिवाय काहीही नसेल. ना फूल, ना नक्षी. मग त्याच वस्तूवर तीन मिनिटांची फिल्म करायची, जिच्यात कोणी एक शब्द बोलणार नाही.

दीक्षाने मला काढलं ते एका ओढीत. एकच लोखंडी पाईप. पाठीवरून खाली उतरतो, बैठकीतून पुढे येतो, पुढच्या पायांतून जमिनीवर जातो आणि जमिनीवरूनच मागे सरकतो. बसणारा माणूस जणू हवेत बसलेला.

विभागप्रमुख भगवंतराव सरांनी ते चित्र पाहून चष्मा काढला. दर वर्षी ते अशीच खुर्ची फळ्यावर काढून दाखवत.

"ही फळ्यावरच बरी दिसते," ते म्हणाले. "तू साधं स्टूल कर आणि पास हो."

"मग सर, फळ्यावर काढता कशाला?"

वर्गात कोणाच्या तरी हातून बाटली पडली. सरांनी चष्मा पुन्हा लावला.

"बनव. पण परीक्षकांसमोर पूर्ण वाढलेला माणूस बसवून दाखवायचा. खुर्ची वाकली, तर हे वर्ष पुन्हा."

वर्ष पुन्हा म्हणजे काय, ते दीक्षालाच माहीत होतं. घरी बोलणं झालेलं होतं. एक वर्ष जरी वाया गेलं, तर डिझाइन बंद आणि तलाठी भरतीचा क्लास सुरू. त्याचा फॉर्म टीव्हीखाली आणून ठेवला होता.

माझं अंग घडलं बाळापूरला, तिच्या बाबांच्या वर्कशॉपमध्ये. मोतीरामजी गेट आणि ग्रिल बनवतात. त्यांच्या गेटावर मोर नसेल तर कमळ असतं, कमळ नसेल तर भाले. काहीच नाही असं गेट त्यांनी जन्मात केलं नव्हतं. पण हात असा, की पाईपात रेती ठासून, दोन्ही तोंडं लाकडी गुट्ट्यांनी बंद करून, भट्टीवर तापवून त्यांनी मला वाकवलं, आणि कुठेही मुरड पडली नाही. सगळ्या अंगाला मिळून एकच जोड. मला तेव्हापासून त्यांचा अभिमान वाटतो, आणि पुढे जे झालं त्यानंतरही वाटतो.

बैठक आणि पाठ विणली दीक्षाच्या आईने, पंचफुलाबाईंनी. बाजेची नायलॉन पट्टी, बाजेचीच वीण, हात दुखेपर्यंत ताणलेली.

"मधातून एक लाल पट्टी घेऊ का?" त्यांनी विचारलं.

"नको आई."

"एकच."

"एकही नको."

"तुह्या खुर्चीले पायबी नाही, रंगबी नाही. हाये तरी काय तिले?"

"ती हाये," दीक्षा म्हणाली. "तेवढं पुरे."

परीक्षेला तीन दिवस असताना दीक्षा कॅमेरा आणायला अमरावतीला गेली. मी वर्कशॉपच्या दारात उभी होते. मोतीरामजी माझ्याभोवती फिरत होते. एकदा पुढून पाहिलं, एकदा वाकून खालून पाहिलं. मग स्वतःशीच म्हणाले, "पोरगी घाईत हाये. राहून गेलं असन."

आणि त्यांनी मला मागचे पाय लावले.

मी ओरडू शकत नाही, ही खुर्च्यांची मोठी अडचण आहे. जोडाच्या ठिणग्या उडाल्या आणि मी घोड्यासारखी चार पायांवर ताठ झाले. माझ्या अंगातली लवचीकता गेली. वर त्या दोन पायांच्या मधे त्यांनी लोखंडाचं एक छोटं कमळ लावलं. ते त्यांनी इतक्या मायेने घासून गुळगुळीत केलं, की मला त्यांचा रागही धड करता येईना.

दुसऱ्या दिवशी दीक्षा आली. सोबत वर्गातला ललित होता, फिल्मचा कॅमेरा त्याच्याकडे. मोतीरामजी हात पुसत हसत सामोरे गेले.

"पाह्य, कशी जमवली."

दीक्षा माझ्याकडे पाहत राहिली. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला त्या चारही पायांवर उभं राहायची लाज वाटली.

"बाबा, हे कावून केलं?"

"कावून म्हंजे? बिना पायाची खुर्ची असते काय कुठी?"

"असते. हेच तर दाखवाचं होतं मले. तुमी एकदा विचारलं का?"

"विचारू काय? चार साहेबांसमोर कोणी बसन अन् धपकन पडन. मंग नाव कोणाचं निघन? बाळापुरात माह्या हातची एक वस्तू आजलोक कोणाच्या अंगावर नाही पडली."

"म्हंजे तुमाले माह्यावर भरवसा नाही."

"तुह्यावर हाये. पाईपावर नाही."

"पाईप तुमीच वाकवला."

मोतीरामजी पुन्हा हात पुसायला लागले. पंचफुलाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. "आता बोला," त्या नवऱ्याला म्हणाल्या.

दीक्षाने वाद पुढे वाढवला नाही. तिने भिंतीवरचा लोखंड कापायचा ग्राइंडर काढला, चष्मा लावला आणि माझ्याजवळ बसली. ललितने तोवर कॅमेरा सुरू केला होता. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. या पिढीत निदान एवढी समज आहे.

चाक फिरायला लागलं. दीक्षाचा राग हातात उतरला होता आणि चाक वाकडं चाललं होतं, जोडावर जायच्या ऐवजी माझ्या मूळ पाईपाकडे. आणखी एक बोटभर आणि मला कायमचा घाव बसला असता.

"थांब, थांब," मोतीरामजी धावले. "असा धरतात का? पाईप खाशीन तू तिचा. सरक."

त्यांनी मशीन तिच्या हातातून घेतलं. मला वाटलं, आता बंद करतील. पण वाकडं काम त्यांना स्वतःच्या चुकीपेक्षा जास्त सलतं. त्यांनी एक पाय कापला. मग दुसरा. कमळ खाली पडलं, ते पायाने बाजूला सारलं. मग जोडाची जागा अशी घासली, की बोट फिरवूनही कळू नये.

"घे," ते म्हणाले. "पण पडाचंच असन त मीच पडतो. बाकीच्यायले नको."

आणि ते माझ्यावर बसले. म्हणजे काठावर टेकले. सगळा भार त्यांच्या पायांवरच होता. माझ्या अंगावर जेमतेम त्यांचा शर्ट आला होता.

"पुरे बसा ना जी," पंचफुलाबाई म्हणाल्या. "पाहुण्यासारखे काय टेकून राहिले."

ते मागे सरकले. पाठ टेकली. मग, दात आवळून, त्यांनी दोन्ही पाय उचलले.

मी खाली लवले. मोतीरामजींनी डोळे मिटले. मी तेवढीच वर आले आणि तिथेच थांबले, त्यांचा सगळा भार तोलून. त्यांनी एक डोळा उघडला. मग अंग हलवून पाहिलं. मी पुन्हा लवले, पुन्हा वर. पन्नाशीचा तो माणूस पोरासारखा हसायला लागला आणि उठायचं नाव घेईना.

"माया ठेवली व, पोरी, पाईपात," ते म्हणाले. "झुलते."

दीक्षा चष्मा न काढताच उभी होती. काच आतून ओली झाली होती, पण हे मी सांगितल्याचं तिला कळू देऊ नका.

परीक्षेच्या दिवशी आम्ही एसटीने निघालो. मी दीक्षाच्या मांडीवर आडवी, पुढच्या सीटवरच्या काकांच्या डोक्याला माझी पाठ लागत होती. कंडक्टरबाईंनी मला खालवर न्याहाळलं. "अर्धीच आणली का वं?" दीक्षा म्हणाली, "पूर्णच हाये. बसून पाहा." अकोल्यापर्यंत कंडक्टरबाई माझ्यावर बसून तिकिटं फाडत होत्या.

कॉलेजात आधी फिल्म दाखवली. तीन मिनिटं. दीक्षाने त्यातलं सगळं बोलणं काढून टाकलं होतं. राहिला तो ग्राइंडरचा आवाज, खाली पडलेल्या कमळाचा एक ठणकार, आणि शेवटी एका माणसाचं हसणं. हसण्याला कोणी बंदी घातली नव्हती. अकोल्याहून आलेल्या परीक्षक प्रणाली मॅडमनी फिल्म पुन्हा लावायला सांगितली.

दुसऱ्यांदा संपल्यावर भगवंतराव सर उठले. "फिल्म ठीक आहे. बसायला कोण आहे?"

"तुम्ही सर," दीक्षा म्हणाली.

सगळा हॉल त्यांच्याकडे पाहत होता. सरांचं वजन चांगलं भरभक्कम. ते आले, माझी पाठ दाबून पाहिली, वाकून जोड शोधला, सापडला नाही. मग बसले आणि पूर्ण बसले. मी लवले आणि सावरले. सरांनी हळूच पाय उचलले.

ते दोनदा झुलले. मग म्हणाले, "बावीस वर्षं ही खुर्ची फळ्यावर काढतोय. बसलो आज."

टाळ्या मागच्या रांगेतून सुरू झाल्या. त्या वर्षीचे सर्वांत जास्त गुण दीक्षाला मिळाले. अकोल्याच्या विद्यार्थी महोत्सवात फिल्म लागली तेव्हा मोतीरामजी पडद्यावर स्वतःला पाहून शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होते, "पाईप मी वाकवला." बाळापूरच्या घरी टीव्हीखालच्या फॉर्मवर आता मोतीरामजी नव्या गेटांची मापं लिहितात. पहिलं बिननक्षीचं गेट भातकुलीच्या एका शाळेला गेलं.

मी मात्र फसता फसता वाचले. कॉलेजने मला दर्शनी भागात ठेवलं, भोवती दोरी बांधली, 'हात लावू नये' अशी पाटी लावली. जुन्या लोकांना एखादी गोष्ट पटली, की ते तिला लगेच देवघरात बसवतात. दीक्षाने दुसऱ्याच दिवशी दोरी सोडली आणि पाटी सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"सर, ती खुर्ची आहे," ती म्हणाली. सर हसले आणि पाटी कपाटात गेली.

आता माझ्यावर शिपाई पुंजारामजी डबा खातात, पोरी प्रोजेक्टची रडगाणी गातात, प्रवेशासाठी आलेले पालक बिचकत टेकतात. पट्टी थोडी मळली आहे, अंगावर एक-दोन ओरखडे आहेत. मला त्याचं काही वाटत नाही. तुम्हीही अमरावतीला आलात तर या. पण समोर उभं राहून मान डोलावू नका, मला तेवढ्यासाठी कोणी बनवलं नाही. बसा. फक्त फार वेळ नको, मागे रांग असते.