आडवी डगाल

टीना रविवारी आजीसोबत मोहफुलं वेचायला जाणार हे ठरलं तेव्हापासून मी ते कसं टाळता येईल हेच बघत होते. माझी सात वर्षांची पोर. मी गोंदिया शहरात वाढलेली, तिथेच बी.एस्सी. झालेली, जंगल मला लग्नासोबत मिळालं. नवेगाव बांधच्या तलावापलीकडचं हे आमचं गाव, आणि घरामागच्या धानाच्या बांध्या संपल्या की लगेच झाडं.

"अस्वल आलं तर?" मी सासूबाईंना विचारलं.

"त्याले बी मोहा आवडते. आपुन आपला वेचाचा, त्यानं त्याचा वेचाचा. तू कायले एवढी भेते?"

रुख्मा त्यांचं नाव. जंगलात त्या घरातल्यासारख्या वावरतात. मी मात्र प्रत्येक वाळक्या पानाखाली काही आहे का ते बघत चालते.

गेल्या वर्षीपासून गावातून टेकडीपर्यंत पायी फिरायची वाट झाली आहे. नागपूरहून फिरायला येणारे लोक तिला ट्रेल म्हणतात. गावातले अजून मोहाची वाटच म्हणतात, कारण ती तीच आहे. गावच्या समितीनं फक्त झाडांवर पिवळे बाण रंगवले. माझा नवरा प्रफुल लोकांना घेऊन त्या वाटेनं चालतो. लोक यायच्या आधी वाट झाडायचं काम आमच्या बचत गटातल्या बायकांचं. गाव ते फाटा त्या रविवारी माझ्याकडे होतं, फाट्यापुढचं दुसरीनं आदल्या दिवशीच उरकलं होतं. झाडायच्या आधी एक फोटो काढायचा, झाडल्यावर एक, आणि दोन्ही समितीला पाठवायचे.

सासूबाई फटफटतानाच निघून गेल्या. टीना उठली नव्हती. शेजारच्या शामकलाबाई तिला मागून घेऊन येणार होत्या. त्यांचे गुडघे दुखतात, त्या कुठे घाई करत नाहीत, तेवढाच मला आधार. मी खराटा घेऊन पुढे निघाले.

पानगळीचा थर जाड होता. झाडत झाडत फाट्यावर पोचले तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर आलं होतं. डावी वाट नाल्याकडे जाते, उजवी मोठ्या मोहाकडून टेकडीला. पिवळा बाण उजवीकडे. त्या उजव्या वाटेच्या तोंडाशीच हातभर लांबीची एक हिरवी फांदी आडवी पडली होती. पानं ताजी. कुणीतरी बकऱ्यांसाठी तोडली आणि पडली असेल, असं वाटलं. फोटो काढला, फांदी उचलून झुडपात फेकली, जागा झाडली, पुन्हा फोटो काढला. वाट अगदी स्वच्छ दिसत होती.

तेवढ्यात डावीकडून सासूबाईंचा खोकला ऐकू आला. रोज तर त्या उजवीकडच्या मोठ्या मोहाखाली असतात. पण त्या जिथे, तिथेच टीना येणार, आणि मला तिला येताना डोळ्यांनी बघायचं होतं. म्हणून मी डावीकडे गेले.

नाल्याजवळच्या एका लहान मोहाखाली त्या वाकून वेचत होत्या. मीही बसले. फुलं वेचायची, मान वर करून वाट बघायची, पुन्हा वेचायची. अर्धी टोपली भरली. पानांवर पाय वाजला की वाटायचं आल्या, आणि दिसायचा एखादा सातभाई पक्षी, पाचोळा उसकटत.

"आई, टीना अजून कशी नाही आली?"

"येतीन ना वो. शामकलाचे गुडघे तुले माहीत नाही का?"

"पण तुम्ही आज इकडे आहात हे त्यांना कुठे माहीत आहे?"

"काऊन नाही माहीत? फाट्यावर डगाल आडवी टाकून आली ना मी. तिकडं जाऊ नोका म्हणून." त्यांनी मान वर केली नाही. "मोठ्या मोहाखाली अस्वलीन बसून रायली, दोन पिल्लं घेऊन. दुरूनच पाह्यलं न् मागं फिरली."

फाट्यावरची ती हिरवी फांदी. मी उठले तशी टोपली कलंडली.

"तिथे डगाल नाही आता," मी म्हणाले.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. पदर कमरेला खोचला आणि निघाल्या, मी त्यांच्या मागे.

फाट्यावरच्या मातीत खराट्याच्या रेघा तशाच होत्या. त्या रेघांवरून दोन जोड्या पावलं उजवीकडे गेली होती. एक अनवाणी, घासत टाकलेली. दुसरी लहान चपलेची, टाचेला फुलाची नक्षी असलेली. ती चप्पल मीच घेऊन दिलेली.

मी पळायला लागले. सासूबाईंनी दंड धरला.

"तू इथंच उभी राय."

"माझी मुलगी आहे आई तिकडे."

"माही कोन होय ते? धावत गेली तं अस्वलीन आंगावर येईन. पिल्लं आहेत तिच्यापाशी. न् प्रफुल येऊन रायला लोकं घेऊन. त्याच्या पुढंपुढं पळतात ते फोटो काढाले. त्याहीले कोन थांबवते? तू थांबव." मग जरा खालच्या आवाजात, "मले चालता येते तिकडं. तुले नाही येत."

खरं होतं ते, आणि म्हणूनच ऐकवत नव्हतं. त्या वाटेला लागल्या, मोठ्यानं स्वतःशीच बोलत, बाजारात कांदे महागल्याचं कुणाला सांगावं तसं. दुरून माणूस येतंय हे जनावराला कळलं पाहिजे. थोड्या वेळानं वळणामागे तो आवाजही बारीक झाला, मग थांबला.

फोनला रेंज नव्हती. शामकलाबाईंकडे फोनच नाही. मी फाट्याच्या मधोमध उभी राहिले. मनात शंभरपर्यंत मोजायला सुरुवात केली आणि चाळिसाच्या पुढे आकडे विसरले. एकदा चार पावलं उजवीकडे गेलेही. परत आले.

आधी आले ते टोपीवाले दोघं, प्रफुलच्या बरेच पुढे. मी दोन्ही हात पसरले.

"इकडून नाही. अस्वल आहे."

"सच में?" त्यातल्या बाईंनी लगेच फोन वर केला. "कुठं? दूर से दिखेगा क्या?"

"माझी मुलगी आहे तिकडे," मी म्हणाले. बाईंचा फोन खाली आला.

मग प्रफुल आणि बाकीचे दहा-बारा जण. प्रफुलनं माझा चेहरा बघितला, मातीतली पावलं बघितली आणि सगळ्यांना खाली बसायला सांगितलं. कुणी बसलं, कुणी नाही. तो माझ्या शेजारी येऊन उभा राहिला. "आई तिकडे गेली का?" मी मान हलवली. "मग आणेल ती," तो म्हणाला, पण वळणावरची नजर त्यानं काढली नाही.

किती वेळ गेला ते मला नीट सांगता येणार नाही. वळणावर आधी सासूबाई दिसल्या, मग शामकलाबाई, आणि त्यांच्या लुगड्याला धरून टीना. मी गुडघ्यांवर बसले आणि तिला चाचपलं. हात, पाय, पाठ, डोकं. ती कुजबुजत बोलत होती, जणू अजूनही तिकडेच होती.

"मम्मी, पिल्लू तिच्या पाठीवर बसलं होतं. शामकला आजी म्हणाली बोलू नको, तर मी नाही बोलली. खोकला आला तरी नाही खोकली."

"डगाल नोती तं गेलो आमी," शामकलाबाई सांगत होत्या. "पुढं वास आला मले. मंग पोरगीले घेऊन झाडामांगं उभी रायली. रुख्माचा आवाज आला तवा अस्वलीन उठली, न् नाल्याच्या वरतून गेली."

"डगाल काढली कोनं पण?" सासूबाई म्हणाल्या.

"छोटेलालच्या बकऱ्या, दुसरं काय," प्रफुल म्हणाला. भीती उतरली तसा त्याचा आवाज चढला होता. "हिरवा पाला बकरी सोडते का? किती वेळा सांगितलं त्याला. आज समितीत सांगतो, या वाटेवर त्याचं चारणं बंदच करा."

टीनाचं बोट माझ्या मुठीत होतं. सगळे मान हलवत होते. गप्प राहिले असते तर तिथेच मिटलं असतं.

"बकऱ्यांनी नाही," मी म्हणाले. "मी काढली. मला कचरा वाटला."

टोपीवाल्या बाई दुसरीकडे बघायला लागल्या. प्रफुलनं मातीतल्या खराट्याच्या रेघांकडे बघितलं.

"आठ वर्सं झाली तुले या वाटेनं येऊन," सासूबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "एवढं बी कोनी सांगतलं नाही तुले?"

"मला माहीत होतं," टीना म्हणाली. "सगळ्यांना माहीत असतं." तिनं माझ्याकडे बघितलं, मग मुठीतून बोट सोडवलं आणि शामकलाबाईंच्या कमरेला बिलगली.

प्रफुल लोकांना परत फिरवू लागला. सासूबाई दोघींना घेऊन घराकडे निघाल्या. खराटा उचलून मी त्यांच्या मागे चालले. दोनदा जवळ जाऊन टीनाचा हात धरायला बघितलं. दोन्ही वेळा तिनं तो काढून घेतला. मग मी पाच पावलांचं अंतर ठेवून चालत राहिले, नजर तिच्या पाठीवर. बांध्यांपर्यंत ती एकदाही वळली नाही.