दोन घरं फिरलेली गादी

मी एक जुनी कापसाची गादी आहे. मित्रांनो, गादी म्हटलं की तुम्हांला ऊब आठवत असेल, पण माझ्या फार जवळ येऊ नका. माझ्या पोटात गटाराचं पाणी मुरलं आहे आणि मला माझीच किळस येते.

माझा जन्म पुसदचा. त्या वर्षांत कापसाला भाव नव्हता. किसनरावांनी आपलं गावाशेजारचं शेत प्लॉट पाडणाऱ्या लेआऊटवाल्याला विकून टाकलं होतं. त्याच शेतातल्या एका प्लॉटवर विजयमालाने घर बांधलं. ती घरी शिवणकाम करायची आणि तिचा नवरा गोपाल कापसाच्या जिनिंग गिरणीत वजनकाट्यावर होता. किसनराव तिच्या माहेरच्या ओळखीचे, म्हणून त्यांनी शेतातला शेवटचा कापूस तिला वास्तूची भेट म्हणून दिला. पिंजाऱ्याने अंगणात बसून तो पिंजला आणि लाल पट्ट्यांच्या खोळीत भरला. एका कोपऱ्याला कापड कमी पडलं, तिथे विजयमालाने आपल्या जुन्या लुगड्याचा हिरवा तुकडा जोडला. अशी मी तयार झाले.

वास्तूच्या दिवशी किसनराव अंगणात उभे राहिले आणि पायाने जमीन चाचपत म्हणाले, "बाई, या पट्टीत आमचा कापूस कधी जगला नाई. पाणी थांबे, मुळं सडत. इथून नाला जात होता. लेआऊटवाल्यायनं मुरूम टाकून बुजवला."

"मंग आधी काहून नाई सांगितलं?" विजयमालाने विचारलं.

"मले कोणी इचारलंच नाई."

गोपाल हसला. "नदी राह्यली तिकडं दूर. कायले भेव दाखवता?"

घर तर बांधून झालं होतं. पण ते बोलणं विजयमालाच्या मनातून गेलं नाही. बँकेच्या कर्जासाठी विमा उतरवायला एजंट आला, तेव्हा तिने शिवण बाजूला ठेवून विचारलं, "याच्यात पूर येते का?"

"घराला आहे."

"आन् घरातल्या सामानाले?"

"ते वेगळं लिहावं लागतं, ताई. सहसा कोणी घेत नाही."

"मंग लिहा. मशीन, कपाट, पलंग, ही गादी, सारं लिहा."

पुढची वर्षं माझी सुखाची गेली. विजयमालाची मुलगी दिपाली माझ्यावर झोपून मोठी झाली. पाहुणे आले की मलाच अंथरत आणि सकाळी उठून माझं कौतुक करत. हिवाळ्यात गच्चीवर ऊन खाताना मला वाटायचं, आपल्यासारखी भाग्यवान कोणी नाही.

मग एका ऑगस्टमध्ये पावसाने ठाण मांडलं. दुपारी पाणी घरात आलं, ते दारातून नाही तर न्हाणीच्या मोरीतून. काळं, केसांच्या गुंतवळ्यांचं, झुरळं तरंगणारं पाणी. मागोमाग बुजवलेल्या नाल्याच्या वाटेने लोंढा आला. गोपाल कामावर होता. विजयमालाने दिपालीला गच्चीवर नेलं आणि ती माझ्यासाठी परत आली, पण तोवर मी दोघांनाही उचलवणार नाही एवढी जड झाले होते. पिणं हा कापसाचा स्वभाव आहे. जे आलं ते मी प्याले.

पाणी ओसरल्यावर भिंतीवर कमरेच्या वर काळी रेघ उरली. मला रस्त्यावर टाकलं. इथवरची घाण मी सोसली असती. खरी शिसारी पुढे आली.

कॉलनीच्या उंच टोकाला मधुसूदन राहायचे. कचेरीतून निवृत्त झालेले, सगळ्यांचे अर्ज लिहून देणारे, मानाचे गृहस्थ. त्यांच्या घरात थेंबही शिरला नव्हता. ते नाकाला रुमाल लावून आले.

"गोपालराव, उद्या विम्याचे साहेब येणार आहेत. ही गादी एक दिवस आमच्याकडे राहू द्या. तुम्ही तर ती फेकणारच."

"काकाजी, तुमच्या घरात तं पाणी आलं नाई," विजयमाला म्हणाली.

"सामानाच्या विम्याचे हप्ते मीही भरलेत, बाई."

तिने गोपालकडे पाहिलं. जिनिंग बंद पडत होत्या त्या काळात मधुसूदनांच्याच शब्दावर गोपालची नोकरी टिकली होती. तो खाली बघत म्हणाला, "न्या काकाजी."

मला त्यांच्या कोरड्या, उदबत्तीचा वास येणाऱ्या खोलीत टाकलं आणि वरून नालीचं पाणी ओतलं. दुसऱ्या दिवशी साहेब मला बघून चहाला बसले, तेवढ्यात मागच्या दाराने मला शेजारच्या सलीलच्या तशाच कोरड्या घरात पोचवलं. तिथेही मी नुकसान म्हणून पडून राहिले. आयुष्यभर लोकांना झोपवलं, आणि म्हातारपणी मला खोटी साक्ष द्यायला लावली.

साहेबांचं नाव प्रेमसिंग. शेवटी ते विजयमालाकडे गेले. तिथे काय घडलं ते ती नंतर माझ्याजवळून जाताना दिपालीला सांगत होती, तेव्हा मी ऐकलं.

"गादी लिहिली आहे. कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"वाहून गेली," गोपाल म्हणाला.

"वरच्या दोन्ही घरांत मला हिरव्या कोपऱ्याची एकच गादी दिसली. आता तुमची वाहून गेली म्हणता. या कॉलनीतलं काहीच खरं धरता येणार नाही, असं मी लिहितो." त्यांनी बॅग बंद केली.

विजयमालाने हात पुसले. "ते गादी माही हाय, साहेब. चला, दाखवतो."

"राहू दे," गोपाल हळूच म्हणाला.

"कायले राहू देऊ? आपलं खरं नुकसानबी यायच्या खोट्यात बुडून राह्यलं."

ते हिरवं लुगडं हातात घेऊन ती सगळ्यांच्या देखत वर चालत आली. सलीलच्या खोलीत तिने माझा कोपरा उलटून त्यावर लुगडं ठेवलं. "आमच्या भितीवरची रेघ पाहा, साहेब, आन् यायच्या भिती पाहा."

"शेजारधर्म काही आहे की नाही?" दारातून मधुसूदन म्हणाले.

"आमी लेकरू घेऊन गच्चीवर भिजत होतो, काकाजी, तवा तुमी खिडकी लावून घेतली."

प्रेमसिंगांनी कोरड्या भिंतीवरून हात फिरवला आणि बॅगेतून कागद काढला.

त्या दोघांचे दावे फेटाळले गेले. विजयमालाला भिंतींची, मशीनची, कपाटाची भरपाई मिळाली. माझी जवळजवळ काहीच नाही. वापरलेल्या वस्तूची किंमत घटते. कॉलनीतल्या बायका आता तिला हळदीकुंकवाला बोलावत नाहीत. गोपालही बरेच दिवस तिच्याशी धड बोलला नाही. पण पुढच्या पावसाळ्याआधी, पाणी उलटं येऊ नये म्हणून, त्याने न सांगता मोरीला झडप बसवून घेतली.

मला सलीलच्या माणसांनी उकिरड्यावर ढकललं. इथे डुकरं मला हुंगतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, वस्तू जपा, उन्हात घाला, फाटल्या तर शिवा. पण त्यांच्या तोंडून खोटं बोलवू नका. आणि घरचे लोक घर घ्यायला निघाले की त्यांना तिथल्या जुन्या माणसांना विचारायला लावा, की पावसाचं पाणी इथून कुठे जातं. विमा घेतला तर त्यात पूर आहे का, घरातलं सामान आहे का, हेही विचारायला लावा. उत्तर देताना कोणी हसून विषय बदलला, तर त्या जमिनीवर आपलं अंथरूण घालू नका.